खोकला पकडला, किंकाळी सुटली
शाळेच्या छताला बसवलेल्या ‘आक्रमकता ओळखणाऱ्या’ माइकचं प्रकरण

२०१९ चा एप्रिल महिना. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात कलाशिक्षण देणारी एक शाळा आहे. तिथल्या ग्रंथालयात, जिथे एरवी मोठ्याने बोललेलंही चालत नाही, नाटक शिकणारी बारावीची एक मुलगी उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून किंचाळली. वर छताला एक छोटा माइक लावलेला होता. आवाजातली चीड, भीती, ताण ओळखून ताबडतोब सूचना देणं हे त्याचं काम. तो गप्प राहिला.

काही दिवसांनी कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट इथल्या दुसऱ्या एका शाळेत हाच माइक लावला होता. अकरावीतल्या एका मुलीची सर्दी छातीत उतरली होती, तिला खोकल्याची उबळ आली. लगेच पडद्यावर अक्षरं उमटली: ताणलेला आवाज आढळला.

ही चाचणी घेतली होती प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने आणि वायर्ड या नियतकालिकाने. जून २०१९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. मी माध्यमिक शाळेत शिकवते. ते लेखन वाचल्यापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण आता आपल्याकडेही प्रत्येक शाळेच्या भिंतीवर काही ना काही बसवलं जातंय. म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

शाळांनी हे यंत्र घेतलं कशासाठी

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलँड इथल्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एका १९ वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने गोळीबार केला. १७ जण गेले. त्यानंतर अमेरिकेतल्या पालकांची जी अवस्था झाली असेल ती समजायला अमेरिकेत राहायला हवं असं नाही. सकाळी डबा भरून पाठवलेलं मूल संध्याकाळी परत येईल ना, हा प्रश्न ज्या घरात शिरतो तिथे कुठलाही उपाय महाग वाटत नाही. शाळांच्या व्यवस्थापनांवर दबाव आला आणि सुरक्षेची उपकरणं विकणाऱ्यांची रांग लागली. चेहरा ओळखणारे कॅमेरे, शस्त्रं हुडकणारी दारं, मुलांचे ईमेल वाचणारी सॉफ्टवेअर्स आणि हा माइक.

माइकमागचं सॉफ्टवेअर नेदरलँड्समधल्या साउंड इंटेलिजन्स या कंपनीचं. अमेरिकेत ते कॅलिफोर्नियातली लूरो इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी आपल्या माइकमध्ये घालून विकत होती. एका उपकरणाची किंमत साधारण १,००० डॉलर. पत्रकारांनी चाचणी घेतली तेव्हा जगभरात शेकडो ठिकाणी हे सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. त्यातल्या १०० हून अधिक जागा एकट्या अमेरिकेतल्या होत्या: शाळा, दवाखाने, बँका, दुकानं, तुरुंग.

विक्रीचा युक्तिवाद ऐकायला अगदी पटण्यासारखा. हात उगारण्याआधी माणसाचा आवाज चढतो. तो चढलेला आवाज यंत्राने ओळखला आणि सुरक्षारक्षकाच्या फोनवर सूचना गेली, तर मारामारी व्हायच्या आतच कुणीतरी तिथे पोचेल. वर्गावर उभं राहणाऱ्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

माइकला नेमकं काय ऐकू येतं

हे यंत्र शब्द ऐकत नाही. कोण काय बोललं, कुणाला बोललं, कुठल्या भाषेत बोललं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला फक्त आवाजाचा पोत कळतो: किती उंच, किती खरखरीत, किती ताणलेला.

यामागे विज्ञान आहे, नाही असं नाही. २०१५ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात मानवी किंकाळीवर एक संशोधन आलं. किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होते, असं त्यात दाखवलं होतं. ही फडफड इतकी वेगवान असते की ती आपल्याला वेगळी ऐकू येत नाही, नुसता खरखरीतपणा जाणवतो आणि अंगावर काटा येतो. साध्या बोलण्यात ती नसते. मग हा खरखरीतपणा मोजला की भीती सापडली, असं समजणं सोपं आहे.

पण घसा बसलेला असला तरी आवाज खरखरीत होतो. खोकताना होतो. मॅच जिंकल्यावर ओरडून ओरडून होतो. हसता हसता श्वास कोंडला की होतो. उलट तालमीत तयार झालेला एखादा गळा असा स्वच्छ, उंच सूर लावून किंचाळू शकतो की यंत्राला तो चिमटीत धरताच येत नाही.

चाचणीची पद्धत मला फार आवडली, कारण यंत्राला चुकीत पकडायचं म्हणून ती रचलेली नव्हती. पत्रकारांनी माइक आणि सॉफ्टवेअरचा परवाना रीतसर विकत घेतला. आधी रेकॉर्ड केलेला कुठलाही आवाज त्याला ऐकवून त्याने काय निष्कर्ष काढला हे मोजता येईल, अशी जोडणी केली. मग शाळेतली मुलं खरोखर जशी वागतात, ओरडतात, हसतात ते रेकॉर्ड करून कोणत्या आवाजाला यंत्र दचकतं ते तपासलं. सापडलं असं की उंच पट्टीतला, खरखरीत, ताणलेला आवाज म्हणजे आक्रमकता, असं यंत्राने ढोबळमानाने धरलेलं आहे. हसणं, खोकणं, जल्लोष, तावातावाने चाललेली चर्चा यांना ते आक्रमक ठरवत होतं. एका कर्कश आवाजाच्या विनोदी कलाकाराची १९९४ ची चित्रफीत लावली तर तिलाही. न्यू जर्सीतल्या एका दवाखान्यात नुसत्या हसण्याने तीनपैकी दोन उपकरणांनी सूचना दिली. तिथल्या एका परिचारकाचं हसू तर यंत्राला दर वेळी खटकत होतं.

साउंड इंटेलिजन्सच्या प्रमुखाने यंत्र अचूक नसल्याचं मान्य केलं. डोकं फिरलेला कुणी गोळीबार करायला आला तर त्याला आपण थांबवू शकू असा दावा करणार नाही, असंही तो म्हणाला. त्याच्या या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो. पण पार्कलँडनंतर घाबरलेल्या शाळांनी हे यंत्र ज्या आशेने घेतलं ती आशा नेमकी तीच होती.

शंभरातले पाच

इथे थोडं गणित करावं लागेल. आकडे मी फक्त समजायला सोपे जावेत म्हणून धरते आहे. हजार मुलांची शाळा समजा. दिवसभरात मोठ्या आवाजाचे दोन हजार प्रसंग होतात. हे जास्त वाटत असेल त्याने एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहावं. त्यातले पाच प्रसंग खऱ्या भांडणाचे. आणि यंत्र समजा चाचणीत दिसलं त्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर सांगतं. तरी काय होईल? पाच भांडणं ते बहुतेक पकडेल. पण उरलेल्या १,९९५ निरुपद्रवी आवाजांपैकी पाच टक्के, म्हणजे साधारण शंभर वेळा, ते उगाच हाक मारेल. एकशेपाच वेळा धावायचं तेव्हा पाच वेळा काहीतरी सापडणार.

पहिल्या दिवशी सगळे धावतील. आठव्या दिवशी शिपाईकाका फोनकडे बघतील आणि खिशात ठेवतील. त्यात त्यांची चूक नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी दुसरी-तिसरीत ऐकलेली आहे.

यंत्रं पुढे सुधारतील, चुका कमी होतील, हे मला मान्य आहे. माझी खरी अडचण वेगळी आहे आणि ती यंत्र सुधारून सुटत नाही.

जिन्याच्या वळणावरचा डबा

शाळेतल्या छळाचा अभ्यास ज्यांनी पहिल्यांदा शिस्तीने केला त्यात नॉर्वेचे डॅन ओल्व्हेउस यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९८३ मध्ये नॉर्वेने देशभर छळविरोधी मोहीम हाती घेतली ती त्यांच्या कामाच्या आधारावर. छळ कशाला म्हणायचं, याच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो, म्हणजे सोसणाऱ्याला उलटून काही करता येत नाही. यातली एक तरी खूण आवाजाच्या एका तुकड्यात सापडेल का? हेतू आवाजात मोजता येत नाही. पुन्हा पुन्हा होणं हे एका क्षणात दिसत नाही. आणि ताकदीतला फरक बहुतेक वेळा शांततेतच असतो.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. सातवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. म्हणाली, “बाई, डबा रोज रिकामा येतो, पण पोरगं घरी आलं की दप्तर टाकायच्या आधी भाकरी मागतं. एवढी भूक कशी लागते?” मी वाढत्या वयावर काहीतरी बोलले आणि त्यांना पाठवून दिलं. पण ते वाक्य मनात अडकून बसलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्या मागे मागे गेले. दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर तिघं बसले होते. त्यातला एक अगदी मऊ आवाजात म्हणाला, “काय साहेब, आज काय आणलंय आम्हाला?” हा हसला आणि डबा पुढे केला. तिघांनी पोळीभाजी खाल्ली. रिकामा डबा नीट झाकण लावून परत दिला, वर “थँक्यू” म्हणाले. तो खाली उतरून नळावर गेला आणि ओंजळी ओंजळीने पाणी प्यायला.

कुणाचा आवाज चढला नाही. कुणी कुणाला हात लावला नाही. कॅमेऱ्यात दिसलं असतं की चार मित्र एकत्र डबा खाताहेत. आणि छताला माइक असता तर त्याच वेळी खालच्या मैदानात कबड्डीच्या दमात ओरडणारी पोरं त्याने गुन्हेगार ठरवली असती.

हे चार महिने चाललं होतं. मला कळलं ते आईमुळे. पण एका माणसाला ते आधीपासून माहीत होतं. वर्ग झाडणाऱ्या आमच्या मावशींना. “ते पोरगं सुट्टीभर पाणीच पितंय, मला दिसत हुतं,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, “मग सांगितलं का नाहीत?” त्या म्हणाल्या, “मला कोन इचारतंय?”

शब्द वाचणाऱ्या यंत्रांबद्दलही एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण माइक जमला नाही तर मुलांच्या चॅट वाचू, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आपल्या भाषेत आई पोराला दिवसातून चार वेळा म्हणते, “थांब, जीवच घेते तुझा.” मित्र मित्राला म्हणतो, “आज मेलास तू.” आणि “काय साहेब” हे दोन शब्द, ज्यात एकही वाईट अक्षर नाही, सातवीतल्या त्या पोराच्या पोटात गोळा आणत होते. कोणत्या यादीत घालायचे ते?

आधीच दिलेला इशारा

आता पुन्हा पार्कलँडकडे यायला हवं, कारण या प्रकरणातली सगळ्यात वेदनादायक गोष्ट तिथे आहे.

५ जानेवारी २०१८ रोजी, गोळीबाराच्या ४० दिवस आधी, हल्लेखोराला जवळून ओळखणाऱ्या एका व्यक्तीने एफबीआयच्या सूचना-क्रमांकावर फोन केला होता. त्याच्याकडे बंदूक आहे, माणसं मारण्याची भाषा तो करतो, तो शाळेत जाऊन काही करेल अशी भीती वाटते, असं सगळं सांगितलं होतं. ही माहिती मायामीच्या कार्यालयाकडे जायला हवी होती. ती गेलीच नाही. गोळीबारानंतर दोन दिवसांनी एफबीआयने हे स्वतः कबूल केलं.

म्हणजे इशारा स्पष्ट शब्दांत दिलेला होता. कुठल्या खरखरीत आवाजावरून काही ओळखायचं शिल्लक नव्हतं.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये, २००८ ते २०१७ या काळातल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक हल्लेखोराच्या वागण्यात आधीपासून काळजी करण्यासारखं काहीतरी दिसत होतं. बहुतेकांनी आपला बेत कुणाला ना कुणाला सुचवला होता. आणि पाचातल्या चौघांचा वर्गसोबत्यांकडून छळ झालेला होता, अनेकदा इतरांच्या डोळ्यांदेखत. (छळ सोसणारं मूल पुढे हल्लेखोर होतं, असा अर्थ यातून कुणी काढू नये. छळ सोसणारी जवळजवळ सगळी मुलं फक्त सोसतात.) याच विभागाचा २०२१ चा अभ्यास उलट बाजूने केलेला आहे: वेळीच उधळले गेलेले ६७ कट. ते उधळले गेले ते मुख्यतः कुणीतरी ऐकलं, पाहिलं आणि जाऊन सांगितलं म्हणून. त्या सांगणाऱ्यांत बरोबरची मुलं पुष्कळ होती.

तंत्रज्ञानाचा उपयोग असेल तर तो इथे आहे असं माझं ठाम मत आहे. मुलांवर कान ठेवण्यापेक्षा मुलाचा शब्द योग्य माणसापर्यंत पोचवायला. कोलोरॅडो राज्यात १९९९ मध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये १३ जणांचे बळी गेले. त्यानंतर तिथे सेफ-टू-टेल ही व्यवस्था उभी राहिली. मूल नाव न सांगता फोनवरून, ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून कळवतं. ती माहिती शाळेलाही जाते आणि स्थानिक पोलिसांनाही. म्हणजे एका टेबलावर कागद अडकला तरी दुसऱ्या टेबलावर तो असतोच. मायामीला न पोचलेल्या त्या फोनचा विचार केला की या दोन टेबलांची किंमत कळते.

माइकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. विकणाऱ्यांचं म्हणणं होतं की यंत्र सतत रेकॉर्ड करत नाही, फक्त आक्रमक वाटलेला तुकडा पकडतं, म्हणून खासगीपणाला धक्का नाही. पण तो पकडलेला तुकडा शाळेला पुन्हा ऐकता येतो आणि हवा तितका काळ ठेवता येतो. आणि पकडलं काय जातं हे आपण वर पाहिलंच. ज्या पोराचा आवाज नुकताच फुटतोय, जे घोगरं बोलतं, जे मोठ्याने हसतं, त्याच्याच आवाजाचे तुकडे कार्यालयात साठत जाणार. हळूहळू ते मूल हसताना वर छताकडे बघायला लागेल. शिक्षक म्हणून मला हे सहन होणार नाही.

आपल्या भिंतींवर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेने महाराष्ट्र हादरला. लोक रेल्वे रुळांवर उतरले. २१ ऑगस्टला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला: महिन्याभरात सर्व शाळांत सीसीटीव्ही बसवायचे, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासायचं, तक्रारपेटी ठेवायची, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीचं काम नीट चालवायचं, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करायची.

त्या घटनेनंतर कॅमेऱ्यांना विरोध करण्याचं धाडस माझ्यात नाही आणि करावासाही वाटत नाही. काय घडलं याचा पुरावा लागतो, तो कॅमेरा देतो. पण त्याच निर्णयातल्या बाकीच्या ओळींचं काय झालं, हे मी शाळाशाळांतून विचारत असते. कॅमेरे बहुतेक ठिकाणी दाखवतात, अभिमानाने दाखवतात, सोळा चौकोनांचा पडदा मुख्याध्यापकांच्या खोलीत असतो. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे असं विचारलं की मात्र शोधाशोध सुरू होते. एका शाळेत पेटी शिक्षकांच्या खोलीच्या दाराला लागून होती. तिथे चिठ्ठी टाकायला कोणतं मूल जाईल?

सोळा चौकोन आठवड्यातून तीन वेळा बघायचे तर नेमकं काय बघायचं हेही कुणी मुख्याध्यापकांना शिकवलेलं नाही. जिन्याच्या वळणावर चार मुलं डबा खाताना दिसली, तर कुणाच्या हाताला घास लागत नाहीये हे बघायला सवय लागते. ती सवय शिकवता येते. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला कीव्हा हा उपक्रम छळणारा आणि सोसणारा या दोघांवरच थांबत नाही, बघणाऱ्या सगळ्या वर्गाला तो शिकवतो, कारण बघ्यांच्या हसण्यावर छळ पोसला जातो. आपल्या शिक्षक प्रशिक्षणात यावर अर्धा दिवस जरी मिळाला तरी मी आनंदाने सुट्टीच्या दिवशी हजर राहीन.

आमच्या शाळेत तक्रारपेटी आता पाण्याच्या टाकीजवळ आहे, कारण तिथे प्रत्येक मूल जातं आणि तिथे थांबलं तर कुणी का म्हणून विचारत नाही. पेटीवर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलाय. किल्ली माझ्याकडे आणि सखी सावित्री समितीतल्या एका पालकांकडे, अशा दोन आहेत. पेटी रोज उघडतो. बहुतेक दिवशी रिकामी असते, कधी चॉकलेटचा कागद निघतो. या वर्षी दोन चिठ्ठ्या अशा निघाल्या की ज्यांच्यामुळे मला रात्री झोप लागली नाही, आणि दोन्हींचं काम लगेच सुरू झालं.

आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी मावशींबरोबर पायरीवर बसते. चहा होतो. मी विचारते, “मावशी, या आठवड्यात कोण एकटं दिसलं?” त्यांना मुलांची नावं येत नाहीत. त्या सांगतात, “पाचवीतली ती, लाल रिबिनीची. तीन दिस झालं, संडासाच्या भिंतीकडंच हुभी ऱ्हातीया.”